परदेशातल्या गिऱ्हाइकाला त्याच्या चलनात भाव: ऑनलाइन दुकानात चलन-बदल कसा बसवायचा

सोलापुरी चादरी, इरकल साड्या, खणाचे ब्लाउजपीस असा माल विकणाऱ्या आमच्या घरच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी न्यू जर्सी, लंडन, दुबई, सिंगापूरहून विचारणा सुरू होते आणि "डॉलरमध्ये किती पडेल?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर म्हणून बहुतेक जण एखादा प्लगइन (वेबसाइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम) टाकतात, कोपऱ्यात चलन निवडायची यादी दिसायला लागते आणि काम झालं असं वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कुपन, कुरियरचा खर्च, बिल, परतावा, जीएसटी या सगळ्यांत चलन शिरतं आणि एक जागा जरी सुटली तरी पैसे जातात, नाहीतर गिऱ्हाइकाचा विश्वास जातो.

हा लेख वूकॉमर्स (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारा प्लगइन) धरून लिहिला आहे, कारण आपल्याकडची पुष्कळ छोटी दुकानं त्यावरच आहेत. दुकान दुसऱ्या कशावर असलं तरी पायऱ्यांचा क्रम हाच ठेवा. सगळ्या पायऱ्यांमागे एकच कसोटी आहे: वस्तूच्या पानावर दिसलेली, कार्टमध्ये दिसलेली आणि कार्डावरून वळती झालेली रक्कम एकच असली पाहिजे. नसेल, तर फरक पडणार हे गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.

पायरी १: नुसता भाव दाखवायचा की पैसेही त्याच चलनात घ्यायचे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा गोंधळ त्या एक समजण्यातून होतो, म्हणून प्लगइन शोधायच्या आधी हे ठरवा.

पहिल्या प्रकारात पानावर डॉलर दिसतात, पण चेकआउटला, म्हणजे पैसे भरण्याच्या पानावर, रुपयेच आकारले जातात. समजा डॉलर ९० रुपयांना आहे आणि साडी ३,६०० रुपयांची आहे. पानावर ४० डॉलर दिसतील. कार्डावर मात्र ३,६०० रुपये लागतील आणि त्यांचे डॉलर करताना गिऱ्हाइकाच्या बँकेकडे व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवशीचा दर लागू होईल. शिवाय अनेक कार्डांवर परदेशी व्यवहाराचं शुल्क असतं. ते ३ टक्के धरलं तर स्टेटमेंटवर ४१ डॉलर २० सेंट दिसतात. एक डॉलर वीस सेंटचं कुणाला फारसं वाटत नाही, पण "दाखवलं एक आणि घेतलं एक" हे मनात राहतं.

दुसऱ्या प्रकारात ऑर्डरच डॉलरमध्ये तयार होते. गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी मधली सेवा, ४० डॉलर घेतो, त्याचे रुपये करतो आणि तुमच्या खात्यात टाकतो. गिऱ्हाइकाला ४० म्हणजे ४० च लागतात. दरातला फरक आणि रूपांतराचा खर्च तुमच्याकडे येतो.

महिन्याला परदेशातून थोड्याच ऑर्डरी येत असतील तर पहिला प्रकार पुरतो. फक्त चेकआउटच्या बटणाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात लिहा: "डॉलरमधली रक्कम अंदाजे आहे. तुमच्या कार्डावर ३,६०० रुपये आकारले जातील." अटींच्या पानात तळाशी लिहून भागत नाही. ऑर्डरींचा ओघ नियमित झाला की दुसऱ्या प्रकाराकडे वळा. कपड्यांसारख्या मालात तर लवकर वळा, कारण परताव्याच्या वेळी पहिला प्रकार फार त्रास देतो. ते पुढे येईलच.

शॉपिफायवर (तयार ऑनलाइन दुकान देणारी सेवा) दुकान असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी. गिऱ्हाइकाच्या चलनात पैसे घेण्याची तिथली मूळ सोय शॉपिफाय पेमेंट्स या त्यांच्या स्वतःच्या गेटवेभोवती बांधलेली आहे आणि शॉपिफाय पेमेंट्स भारतातल्या दुकानांना मिळत नाही. त्यामुळे भारतातली बहुतेक शॉपिफाय दुकानं ॲप लावून भाव दाखवतात आणि पैसे रुपयांत घेतात.

आणि चलनं थोडी ठेवा. प्लगइन दीडशे चलनं देतो म्हणून सगळी लावू नका. गिऱ्हाईक खरोखर जिथे आहे तेवढीच घ्या. आमच्याकडे रुपया, डॉलर, पौंड आणि दिरहम आहेत. प्रत्येक नवं चलन म्हणजे तपासायच्या जागांचा नवा संच.

पायरी २: कागदपत्रं आणि खाती

परदेशी चलनात पैसे घेऊन माल बाहेर पाठवणं म्हणजे निर्यात. गेटवेवाले, कुरियरवाले आणि बँक हे तिघंही जवळपास हेच कागद मागतात, म्हणून एका फोल्डरमध्ये सगळं स्कॅन करून ठेवा:

- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करावी लागते. काही बदललं नसलं तरी "बदल नाही" असं नोंदवावंच लागतं, नाहीतर कोड निष्क्रिय होतो.
- जीएसटी नोंदणी आणि एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र. एलयूटी भरलं की आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) न भरता निर्यात करता येते. फॉर्म आरएफडी-११, आणि तो दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरायचा असतो.
- बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करायला अधिकृत असलेल्या बँकेचा कोड. कुरियरने रीतसर निर्यात करताना हा लागतो.
- पॅन, चालू खात्याचा रद्द केलेला धनादेश, व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा.
- वेबसाइटवर परताव्याचं धोरण, पाठवणीचं धोरण, गोपनीयतेचं धोरण आणि संपर्काचं पान. आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू करताना गेटवेवाले ही पानं उघडून बघतात. "लवकरच येत आहे" असं लिहिलेलं पान असेल तर अर्ज परत येतो.

कुरियरच्या बाबतीत एक सापळा: विकलेला माल "भेट" किंवा "नमुना" म्हणून पाठवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कुरियरच्या सीएसबी-४ या फॉर्मवर भेटी आणि नमुने जातात. विक्रीचा माल सीएसबी-५ वर जातो. डॉलरमध्ये आलेले पैसे आणि "भेट" म्हणून गेलेलं पार्सल यांची सांगड बँकेत बसत नाही. टपालाने पाठवायचं असेल तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं २०२२ पासून सुरू झाली आहेत, छोट्या दुकानदाराला ती सोयीची पडतात.

पायरी ३: गेटवे कोणतं चलन घेतो ते तपासा

प्लगइनने डॉलर दाखवले तरी गेटवेने ते घेतले पाहिजेत. रेझरपे घ्या. देशांतर्गत व्यवहार चालू असले तरी आंतरराष्ट्रीय पेमेंट वेगळं चालू करून घ्यावं लागतं. ते झालं की पैसे अनेक चलनांत घेता येतात, खात्यात रुपये जमा होतात.

पेपालची गंमत वेगळी आहे. भारतात पेपालने १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले, परदेशातून पैसे घेणं चालू आहे. पण परदेशी गिऱ्हाइकाकडून रुपये या चलनात पैसे घेता येत नाहीत. म्हणजे दुकानाचं चलन रुपया असेल आणि चलन-बदल नुसता दाखवण्यापुरता असेल, तर चेकआउटला पेपालचं बटण दिसतच नाही किंवा चलन चालत नाही असा निरोप येतो. लोक तासन्‌तास प्लगइनची सेटिंग्ज उलथीपालथी करतात, आणि दोष तिथे नसतोच. पेपाल हवं असेल तर ऑर्डर डॉलर, पौंड असल्या चलनातच तयार झाली पाहिजे.

प्रोग्रॅमरकडून गेटवे जोडून घेत असाल तर त्याला हे जरूर सांगा: रक्कम सर्वांत लहान एककात पाठवायची असते. २९९ रुपये म्हणजे २९,९०० पैसे, ४० डॉलर म्हणजे ४,००० सेंट. पण प्रत्येक चलनात शंभर तुकडे नसतात. जपानी येनला लहान एककच नाही, तिथे २९५ म्हणजे २९५ च. कुवेती दिनार, बहारिनी दिनार आणि ओमानी रियाल यांचे हजार तुकडे असतात. सगळीकडे डोळे झाकून शंभराने गुणलं तर जपानच्या गिऱ्हाइकाला शंभरपट रक्कम दिसते आणि ओमानच्या गिऱ्हाइकाकडून दहावा हिस्साच येतो.

गेटवेच्या शुल्काचाही आकडा आत्ताच लिहून ठेवा. परदेशी कार्डांवर ते देशांतर्गतपेक्षा बरंच जास्त असतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. रूपांतर करताना गेटवे बाजारदरापेक्षा किती कमी दर देतो हेही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. पायरी ६ मध्ये हे दोन्ही आकडे लागणार आहेत.

पायरी ४: दर कुठून घ्यायचा

विनिमय दर हाताने टाकता येतो किंवा एखाद्या सेवेकडून आपोआप आणता येतो. दोन-तीनच चलनं असतील तर आठवड्यातून एकदा हाताने टाकणंही चालतं. पडताळ्यासाठी एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या संस्थेचे संदर्भ दर बघा. रिझर्व्ह बँकेकडून हे काम त्यांच्याकडे जुलै २०१८ मध्ये आलं. डॉलर, पौंड, युरो, येन यांचे दर कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर होतात. येनचा दर तिथे १०० येनचा असतो, हे विसरून तो आकडा तसाच टाकला तर भाव शंभरपट चुकतो.

आपोआप आणायचा तर युरोपियन सेंट्रल बँकेचे रोजचे संदर्भ दर फुकट मिळतात आणि अनेक प्लगइन तेच वापरतात. त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ते युरोच्या पायावर असतात, म्हणून रुपया-डॉलरचा दर काढायला भागाकार करावा लागतो: एक युरो ९९ रुपये आणि एक युरो १.१० डॉलर असेल तर डॉलर ९० रुपयांना पडतो. शनिवार-रविवारी ते बदलत नाहीत. आणि त्यांच्या यादीत दिरहम नाही. दुबईचं गिऱ्हाईक असलेल्यांना ही अडचण वाटते, पण तोडगा सोपा आहे. अमिरातीने दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधून ठेवलेला आहे. डॉलरच्या रुपयांतल्या दराला ३.६७२५ ने भागलं की दिरहमचा दर मिळतो. ९० ला डॉलर असेल तर दिरहम साधारण २४ रुपये ५१ पैसे.

दर कधी बदलायचा यावर मात्र नीट विचार करा. बहुतेक प्लगइन मध्यरात्र धरतात. आपल्याकडे रात्री बारा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपारचे दीड-अडीच झालेले असतात. जेवणाच्या सुट्टीत कार्ट भरणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत ४० चे ४०.२२ होतात. आपल्या दुपारी दोनच्या सुमारास बदल ठेवला तर अमेरिका झोपलेली असते. दिवसातून एकदा बदल पुरे. कपडे आणि चादरी विकणाऱ्याला तासातासाला दर बदलून काही मिळत नाही.

वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक पानावर कुणी आलं तरच चालतं. रहदारी कमी असलेल्या साइटवर दोनचं काम सहाला होतं. होस्टिंगच्या सी-पॅनलमधून खरा क्रॉन (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन राखणदार लावल्याशिवाय आपोआप दर चालू करू नका. एक, नवा दर कालच्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वेगळा आला तर तो लागू न होता तुम्हाला ईमेल यावी. दोन, दर आणणारी सेवा बंद पडली तर शेवटचा चांगला दर वापरावा, तोही आठवडाभरापेक्षा जुना झाला तर भाव रुपयांत दाखवावेत. शून्य दर आला आणि सगळं दुकान फुकट दिसलं, असं व्हायला एक रिकामं उत्तर पुरतं.

पायरी ५: प्लगइन बसवणं

वूकॉमर्समध्ये मुळात एकच चलन असतं. एकापेक्षा जास्त चलनांसाठी कर्सी, फॉक्स करन्सी स्विचर, एलिया करन्सी स्विचर, किंवा डब्ल्यूपीएमएलचा बहुभाषी-बहुचलन प्लगइन असे पर्याय आहेत. निवडताना दिसणं बघू नका, हे विचारा: निवडलेल्या चलनात चेकआउट होतं का? वस्तूनिहाय हाताने भाव ठरवता येतात का? कुपन आणि पाठवणीचा खर्च बदलतो का? ऑर्डरबरोबर त्या वेळचा दर साठवला जातो का? काहींत यातल्या काही सोयी फक्त विकतच्या आवृत्तीत असतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर तो प्लगइन सोडून द्या.

बसवण्याआधी साइटचा पूर्ण बॅकअप घ्या आणि शक्यतो चाचणीच्या प्रतीवर आधी करा. मग वूकॉमर्स, सेटिंग्ज, जनरल इथे दुकानाचं मूळ चलन रुपयाच ठेवा. चालू दुकानाचं मूळ चलन बदलून डॉलर करू नका. वूकॉमर्स आकडे बदलत नाही, फक्त चिन्ह बदलतं. ३,६०० रुपयांची साडी ३,६०० डॉलरची होते.

आता दर टाकायचा रकाना. इथे जरा थांबा. बहुतेक प्लगइन "एका रुपयाचे किती डॉलर" असं विचारतात, "एका डॉलरचे किती रुपये" असं नाही. म्हणजे ९० नाही, ०.०११११ टाकायचं. आणि किती दशांश स्थळं टाकता यावर पैसे अवलंबून आहेत. ०.०१ टाकलं किंवा प्लगइनने दोनच स्थळं ठेवली, तर तुम्ही डॉलर १०० रुपयांचा धरला असा अर्थ होतो. १,८०० रुपयांची चादर २० डॉलरऐवजी १८ ला जाते, दहा टक्के गेले, आणि पानावर काहीच चुकीचं दिसत नाही. किमान सहा दशांश स्थळं ठेवा: ०.०१११११. मग एक महागडी वस्तू उघडून कॅल्क्युलेटरवर ताळा करा. स्वस्त वस्तूवर चूक लपते.

दिसण्याबद्दल थोडं. डॉलरचं नुसतं चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळीकडे चालतं, म्हणून चिन्हाच्या आधी देशाचं अक्षर लावा. जर्मनीत हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो. आपलं लाखाचं स्वल्पविरामाचं गणित वूकॉमर्सला मुळात येत नाही, १,२५,००० चं १२५,००० दिसतं. पैठणीसारखा महाग माल असेल तर ते दुरुस्त करून घ्या. आणि रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं, त्यामुळे काही जुन्या फाँटांत ते नाहीच. पीडीएफ बिलावर रकमेआधी रिकामा चौकोन दिसला तर फाँट बदला.

पायरी ६: भाव ठरवणं

सरळ भागाकारातून २१.३७, ४३.८९ असे आकडे येतात आणि रोज हलतात. काल ४३.८९ बघून नवऱ्याला विचारून आज परत आलेल्या बाईला ४४.१२ दिसले की तिला वाटतं भाव वाढवला. म्हणून पूर्णांकात करा. प्लगइनमध्ये "वरच्या पूर्ण आकड्याला न्या" असा पर्याय असतो. डॉलर, पौंड, दिरहम वरच्या पूर्ण आकड्याला, येन वरच्या दहाला.

त्याआधी दरात राखीव भर घाला. गेटवेचं जास्तीचं शुल्क, रूपांतरात जाणारा हिस्सा आणि परताव्याच्या काळात दर हलण्याची शक्यता यांची बेरीज करा. ती ४ टक्के आली तर दर ०.०१११११ ऐवजी १.०४ ने गुणून ०.०११५५५ लागतो. ३,६०० च्या साडीचे ४१.६० येतात, पूर्णांकात ४२. ही भर लपवायची गोष्ट नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा की या भावात रूपांतराचा खर्च धरलेला आहे आणि तुमच्या कार्डावर हीच रक्कम लागेल.

पण माझं स्पष्ट मत असं, की दुकानात पन्नास-साठच वस्तू असतील तर आपोआप रूपांतराच्या नादी लागू नका. प्रत्येक वस्तूचा डॉलरचा भाव हाताने ठरवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. परदेशी भावात जाड खोका, कागदपत्रांचा वेळ, हरवलेल्या पार्सलची जोखीम हे सगळं आलं पाहिजे आणि ते कुठल्याही विनिमय दरात बसत नाही. गिऱ्हाइकालाही स्थिर भाव आवडतो. आपोआप दर ज्यांच्याकडे शेकडो वस्तू आहेत त्यांच्यासाठी.

पायरी ७: रुपयांत लिहिलेले बाकीचे आकडे शोधा

वस्तूचे भाव बदलले तरी दुकानात इतरत्र रुपयांत लिहिलेले आकडे असतात. ते एकेक शोधा.

कुपन: "पाडवा" नावाचं २०० रुपये सूट देणारं कुपन. प्लगइन कुपन बदलत नसेल तर डॉलरच्या कार्टवर ते २०० डॉलरची सूट देतं आणि १५० डॉलरचं कार्ट शून्यावर येतं. टक्केवारीच्या कुपनाला हा धोका नाही. परदेशी गिऱ्हाइकांसाठी टक्केवारीचीच कुपनं ठेवा, सोपं पडतं.

मोफत पाठवणी: "१,५०० च्या वर पाठवणी मोफत" हा नियम डॉलरमध्ये कधीच लागू होत नाही, किंवा रूपांतर होऊन १७ डॉलरला लागू होतो आणि अमेरिकेला चादर फुकट जाते. हा नियम फक्त भारताच्या शिपिंग झोनला लावा. परदेशासाठी वजनावर आधारित वेगळे झोन करा. चादरीचं वजनच एवढं असतं की पाठवणी कधी कधी वस्तूच्या भावाजवळ जाते. ती रक्कम चेकआउटच्या आधी, वस्तूच्या पानावरच दाखवा.

व्हेरिएशन (एकाच वस्तूचे रंग-मापाचे प्रकार), भेटवस्तूची पॅकिंग, फॉल-पिको करून देण्याचे जास्तीचे पैसे: हे बहुधा वेगळ्या प्लगइनमधून येतात आणि त्यांना चलन-बदलाचा पत्ताच नसतो. १०० रुपयांचं फॉल-पिको १०० डॉलर झालेलं गिऱ्हाइकाला दिसलं की ती ऑर्डर तिथेच संपते.

तिकडचे करही भावाशी जोडलेले आहेत. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे तुमच्या डॉलरच्या भावात तिकडचं शुल्क धरलेलं आहे की दारात आलेल्या कुरियरवाल्याला ते द्यावं लागेल, हे भावाखालीच लिहा.

पायरी ८: गिऱ्हाइकाचं चलन ओळखणं

वूकॉमर्स आयपी पत्त्यावरून देश ओळखू शकतं. त्यासाठी मॅक्समाइंड या ठिकाण ओळखणाऱ्या सेवेची मोफत किल्ली (की) घेऊन सेटिंग्जमधल्या इंटिग्रेशनमध्ये टाकावी लागते. पण ओळखलेलं चलन ही फक्त सूचना समजा. निवड बदलायचं बटण वरच, मोबाइलवरही दिसेल असं ठेवा, आणि एकदा केलेली निवड लक्षात ठेवा. चलन पाठवणीच्या देशाला बांधू नका. दुबईतली लेक सांगलीला आईकडे साडी पाठवते तेव्हा पत्ता भारतातला आणि कार्ड अमिरातीचं असतं. तिला दिरहम निवडता आले पाहिजेत.

इथला सगळ्यात वाईट सापळा म्हणजे कॅश, रोख पैसे नव्हे, पानांच्या साठवलेल्या प्रती. साइट वेगवान करायला पानं साठवून ठेवलेली असतात. लंडनच्या माणसाने उघडलेलं पौंडांचं पान साठवलं गेलं तर पुढच्या पुण्याच्या माणसाला पौंड दिसतात. वूकॉमर्सच्या जनरल सेटिंगमध्ये ग्राहकाचं ठिकाण ओळखण्यासाठी "पेज कॅशिंगसह" असा पर्याय आहे, तो निवडा. कॅशच्या प्लगइनला चलनाच्या कुकीप्रमाणे (ब्राउझरमध्ये साठवलेली निवड) वेगळी प्रत ठेवायला सांगा. क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर तिथेही हेच बघा.

दुसरा सापळा गूगलचा. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. तुम्ही आयपी बघून डॉलर दाखवलेत तर गूगलला पानावर डॉलर दिसतात आणि मर्चंट सेंटरला (गूगलला आपल्या वस्तूंची यादी द्यायची जागा) दिलेल्या यादीत रुपये असतात. भाव जुळत नाही म्हणून वस्तू नाकारल्या जातात. जाहिरातीच्या लिंकमध्येच चलन ठरवून द्या आणि पानाच्या स्ट्रक्चर्ड डेटामधलं (गूगलसाठी पानात आतून लिहिलेली माहिती) चलन पानावरच्या भावाशी जुळतंय का ते बघा.

पायरी ९: बिल, जीएसटी आणि हिशेब

एकाच ऑर्डरवर तीन वेगवेगळे दर लागतात, हे आधीच पटवून घ्या. तुमच्या साइटने वापरलेला दर. गेटवेने किंवा बँकेने पैसे जमा करताना दिलेला दर. आणि निर्यातीच्या मूल्यासाठी सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेला दर. जीएसटीच्या नियम ३४ प्रमाणे मालाच्या बाबतीत हा तिसरा दर धरायचा असतो. हे तीन कधीच जुळणार नाहीत आणि जुळवायला जाऊही नका. फरक "परकीय चलन फरक" या खात्यात जातो. प्रत्येक ऑर्डरचं चलन, त्या चलनातली रक्कम, साइटचा दर आणि जमा झालेले रुपये हे चार रकाने सीएला दर महिन्याला द्या.

पैसे डॉलरमध्ये आले म्हणून विक्री निर्यात ठरत नाही. वरच्या उदाहरणातली साडी सांगलीला गेली, देशाबाहेर गेलीच नाही. त्यावर नेहमीचा जीएसटी लागतो. कर पाठवणीच्या पत्त्यावरून लागतोय आणि चलनावरून नाही, हे वूकॉमर्सच्या टॅक्स सेटिंगमध्ये तपासा.

वूकॉमर्सच्या अहवालाकडेही लक्ष द्या. काही प्लगइनमध्ये ४२ डॉलरची ऑर्डर एकूण विक्रीत ४२ रुपये म्हणून मिळवली जाते. महिनाअखेरचा आकडा गेटवेच्या अहवालाशी ताडून बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

परतावा नेहमी ऑर्डरच्याच चलनात, ऑर्डरच्याच रकमेचा. ४२ डॉलर घेतले तर ४२ डॉलर परत, आज दर काहीही असो. पैसे रुपयांत घेतले असतील तर ३,६०० रुपयेच परत जातील, पण गिऱ्हाइकाच्या बँकेत तेव्हाचा दर लागेल आणि तिला कमी डॉलर मिळू शकतात. हे परताव्याच्या धोरणात उदाहरणासह लिहून ठेवा.

पायरी १०: चालू करण्याआधीची तपासणी

गेटवे चाचणीच्या अवस्थेत ठेवा आणि प्रत्येक चलनात एक पूर्ण ऑर्डर करा. वस्तूचं पान, कार्ट, चेकआउट, गेटवेची खिडकी, ऑर्डरची ईमेल, पीडीएफ बिल आणि ॲडमिनमधली ऑर्डर अशा सात जागी रक्कम आणि चिन्ह लिहून घ्या. सातही जुळले पाहिजेत. ईमेल आणि बिल या दोन जागी सर्वांत जास्त वेळा जुन्या चलनाचं चिन्ह राहून जातं.

मग मुद्दाम त्रास द्या. कार्ट भरल्यावर चलन बदला. कुपन लावून चलन बदला. चेकआउटच्या पानावर भारताचा पत्ता काढून अमेरिकेचा टाका. व्हीपीएन लावून लंडनहून आल्यासारखं पान उघडा आणि लगेच दुसऱ्या फोनवरून, व्हीपीएनशिवाय, तेच पान उघडा. पौंड दिसले तर कॅश अजून सुधारलेली नाही. दर आणणाऱ्या सेवेची किल्ली मुद्दाम चुकीची टाका आणि दुकान काय करतं ते बघा.

शेवटी परदेशातल्या ओळखीच्या माणसाला खऱ्या कार्डाने एक ब्लाउजपीस घ्यायला सांगा आणि कार्डाच्या स्टेटमेंटमधली त्या ओळीची रक्कम कळवायला सांगा. ती पानावरच्या भावाशी जुळली की अर्धा परतावा करून बघा, आणि तोही त्यांच्या स्टेटमेंटवर बरोबर आला की मगच चलनांची यादी सगळ्यांसाठी खुली करा. पहिला महिनाभर रोज सकाळी आदल्या दिवशी लागलेला दर आणि परदेशी ऑर्डरी एकदा नजरेखालून घाला, त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरतं.